मॅडमनी रिकामा ठेवलेला रकाना

नलिनीमॅडम गेल्याचं मला ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. उलव्याच्या रस्त्यावर डंपरमागे अडकलो होतो. पाच आठवडे झाले त्याला. खाली कुणीतरी लगेच लिहिलं होतं, ‘फार काटेकोर बाई. ती पत्रांची एक चूक सोडली तर कधी चुकल्या नाहीत.’ मी ते वाचलं, जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं आणि गाडी पुढे घेतली. ती चूक माझी होती.

माझे आजोबा आणि वडील मिठागरात राबले. घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्याचा मला माज होता, अजूनही थोडा आहे. पनवेलच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मॅडम माझ्या वरिष्ठ होत्या. सरकारी प्रकल्पात जमिनी गेलेल्यांना मिळणाऱ्या भूखंडांचा प्रोग्राम आम्ही करत होतो. भूखंडाचा धारक कधी एकटा माणूस असे, कधी सोसायटी, कधी देवस्थानचा ट्रस्ट. प्रोग्राम लिहिताना तिघांनाही नुसतं ‘धारक’ म्हटलं की भागतं. यालाच इंटरफेस म्हणतात, समोर नेमकं कोण आहे हे न विचारता काम करून घ्यायची सोय. पण डेटाबेसात तिघांच्या नोंदींची टेबलं वेगळी, प्रत्येकात क्रमांक एकपासून सुरू. तिथे नुसता ‘सदतीस’ लिहून ठेवला, तर सदतिसावा माणूस की सदतिसावा ट्रस्ट, कळणार कसं? म्हणून मॅडम दोन रकाने ठेवायला लावत, एक प्रकाराचा, एक क्रमांकाचा. “आधी कोण, मग कितवा,” म्हणायच्या. काहीही समजावताना आधी कागदावर दोन चौकोन काढायच्या, मग बोलायला लागायच्या.

मला ते जुनाट वाटायचं. क्रमांक तीन टेबलांपैकी कुठलाही असू शकतो म्हटल्यावर तो खरा आहे की नाही, हे डेटाबेसला स्वतःहून तपासता येत नाही. एकाच टेबलाला जोडला तर येतं. मॅडम पंधरा दिवस रजेवर होत्या, तेव्हा मी प्रकाराचा रकाना उडवला आणि सगळे धारक माणसांच्या टेबलाला जोडून टाकले. चाचणीसाठी घेतलेल्या नोंदी नेमक्या सगळ्या माणसांच्याच होत्या, सगळं झकास चाललं. मॅडमना न दाखवता मी ते पुढे पाठवलं. सोसायटी आणि ट्रस्टच्या प्रत्येक क्रमांकाचा कुणीतरी माणूस होताच, त्यामुळे प्रोग्राम कुठेही अडला नाही... आणि सोसायट्यांना, ट्रस्टांना भूखंड मिळाल्याची पत्रं भलत्याच माणसांच्या घरी गेली.

त्यातलं एक घेऊन हिराबाय थेट आमच्या ऑफिसात आली. खाडीकाठच्या गावातली, सत्तरीची, डोक्यात अबोली. पत्रावर तिचं नाव होतं, भूखंड देवस्थानचा होता. गावात पेढे वाटून आली होती. मॅडम नुकत्याच रजेवरून आल्या होत्या. त्यांनीच तिला खुर्चीवर बसवून पत्र चुकीचं असल्याचं सांगितलं.

“मंग माजा पलाट कुठं हाय?”

“या यादीत नाही, आजी.”

“नायच?” ती माझ्याकडे वळली. माझा चेहरा तिला ओळखीचा वाटला असणार. “तू कोनचा रे बाला? आमचेकरचाच दिसतंस.”

“मी ऑफिसचा आहे,” मी म्हणालो. अगदी शुद्ध बोललो.

तिने पत्राची घडी घातली आणि पिशवीत परत ठेवली.

दोन दिवसांनी साहेब लोकांसमोर मॅडम म्हणाल्या, “तपासायचं माझ्याकडून राहिलं.” मी टेबलाकडे बघत बसलो. बाहेर जिन्यात त्यांनी विचारलं, “दुरुस्त केलंस ना?” मी हो म्हणालो. त्या पायरीवरून मागे वळल्या. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत राहिलो. “बरं,” म्हणाल्या आणि उतरल्या. त्यानंतर सहा वर्षं आम्ही शेजारी बसलो, कर्नाळ्याला ऑफिसच्या सहलीला गेलो, एका डब्यात जेवलो. त्या पत्रांचा विषय मी कधी काढला नाही.

मागच्या रविवारी रोडपालीला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीने, मुग्धाने, एक जाड वही पुढे केली. त्यात मॅडमनी ऑफिसातली प्रत्येक चूक नोंदवली होती. काय झालं, कसं निस्तरलं, कुणाकडून झालं. स्वतःच्या चुकांपुढे स्पष्ट ‘मी’. पत्रांच्या नोंदीत पेढे वाटून आलेल्या हिराबायचंही लिहिलं होतं, शेवटचा रकाना मात्र रिकामा.

“आई रकाना रिकामा सोडायची नाही,” मुग्धा म्हणाली. “हाच कसा राहिला?”

मी पेन मागितलं आणि नाव लिहिलं. मॅडमच्या बारीक अक्षराशेजारी ते फार मोठं आलं. मुग्धाने वाचलं.

“त्या आजींना माहीत आहे?”

“नाही.”

तिने वही मिटून माझ्या हातात दिली. “मग त्यांना वाचून दाखवा. आणि परत आणून द्या, आईच्या टेबलावरची आहे.”

आज आठवडा झाला. वही गाडीच्या पुढच्या सीटवर आहे. हिराबायच्या गावाचा फाटा मला कामावर जाताना लागतो, येतानाही लागतो...