पेटीतली पाल

दादा गेल्यावर वहिनीने परसातली मधपेटी पहिल्यांदाच उघडली. तळाशी एक मेलेली पाल होती, माश्यांनी तपकिरी राळेत पुरती लिंपलेली. वास असा काहीच येत नव्हता.

हीच राळ, प्रोपोलिस, दादा खरवडून स्पिरिटमध्ये भिजवायचा. माझं तोंड आलं की त्याचा थेंब लावायचा. भयंकर झोंबायचं, पण बरं वाटायचं. त्याच्या स्वतःच्या दुखण्यापुढे मात्र या राळेचं काही चाललं नाही.

"एवढं ओझं माश्यांना बाहेर नेता येत नाही," वहिनी म्हणाली, "म्हणून लिंपून ठेवतात. मग घर नासत नाही."

मेलेल्यासोबत माश्यांनाही राहावं लागतं तर.

तिने झाकण हलकेच बसवलं. मी हात धुवायला आत गेलो. खुंटीवर दादाचा सदरा होता, नुकताच धुऊन इस्त्री केलेला.