येण्याजाण्याचे तास

१४ जुलै २०१९, रविवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. नागपूर विमानतळाच्या काचेच्या दाराशी मी आईबाबांचा निरोप घेतला. वेळ अचूक आठवते, कारण तिकीट तपासणाऱ्या जवानाने घड्याळाकडे पाहिले तसे मीही पाहिले. मोजता येणाऱ्या गोष्टीला धरून राहिले की रडू येत नाही, ही माझी जुनी युक्ती. बाबा एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले; त्यांनी माझ्या सामानाचे नग तीनदा मोजले. आई मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी सेविका. तिने माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "सरकारच्या पैशावर चालली तू. एक तास वाया नको घालवू."

मी सरकारी शिष्यवृत्तीवर मेलबर्नला निघाले होते, बायोटेक्नॉलॉजीत मास्टर्स करायला. दोन वर्षांत पदवी, मग पीएच.डी., मग स्वतःची प्रयोगशाळा. विमानात बसेपर्यंत पुढच्या आठ वर्षांचा तक्ता माझ्या डोक्यात तयार होता. त्या तक्त्यात लहान मुले कुठेही नव्हती.

तुम्ही जे तिकडे राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे इकडे आलात, त्या दोघांनाही २०२० वेगळे सांगायची गरज नाही. माझ्यापुरते सांगायचे तर मेलबर्नच्या क्लेटन उपनगरातल्या कॅम्पसवरची प्रयोगशाळा बंद झाली. माझे जिवाणूंचे नमुने उणे ऐंशी अंशांवर गोठून राहिले, शिष्यवृत्तीचा पुढचा हप्ता कुठल्याशा टेबलावर अडकला, आणि मी घरापासून चालत बारा मिनिटांवरच्या एका चाइल्डकेअरमध्ये कॅज्युअल म्हणून, म्हणजे तासांच्या पगारावर, लागले. काम दाराशी आणि ऑफिसात. लॉकडाउन कडक झाल्यावर ज्यांना कामावर जाणे भागच होते, अशाच पालकांची मुले आत घेता येत. मी त्यांचे परमिट पाहायची, मुलाच्या कपाळासमोर बंदुकीसारखा तापमापक धरायची, आणि आत घेतल्याची व परत दिल्याची वेळ मिनिटासकट लिहायची. पालकांना उंबरठ्याच्या आत येता येत नव्हते. त्यामुळे एरवी ते स्वतः करत ती नोंदही माझ्याकडे आली होती.

हे फोनवर सांगितले तेव्हा आई बराच वेळ हसली. "एवढ्या लांब जाऊन लेकरंच सांभाळायची होती, तं आपली अंगणवाडी काय वाईट होती?"

"मी सांभाळत नाही, आई. मी नोंदी ठेवते."

"मंग तं अंगणवाडीच झाली की बाई ते!"

ती तेव्हा तोंडाला रुमाल बांधून घरोघर सर्वेक्षण करत होती. कोणाला ताप, कोण बाहेरगावाहून आले, घरात माणसे किती. फोनवर तिला खोकला आला की मी किती वेळा आला ते मोजायची.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात संगीता आली. उदगीरकडची, वय बत्तिशीच्या आसपास, सोबत चार वर्षांची ओवी. माझ्या बॅजवरचे आडनाव तिने वाचले, आजूबाजूला पाहिले आणि मास्कमधूनच हळू म्हणाली, "जय भीम, मॅडम." क्लेटनच्या थंडीत, हातात तापमापक घेऊन उभी असताना, माझ्या छातीत काहीतरी सैल झाले.

"मॅडम नका म्हणू. मी पंचवीस वर्षांची आहे, ताई."

"मग काय म्हणू? बंदूक धरून दारात उभी राहते ती मॅडमच असते."

ती वृद्धांच्या निवासात सफाईचे काम करायची. नवरा मार्चमध्ये वडिलांच्या अंत्यविधीसाठी लातूरला गेला आणि विमाने बंद झाल्याने तिकडेच अडकला. इथे संगीता, ओवी आणि भाड्याची एक खोली, एवढाच संसार उरला होता. ओवीला आम्ही घेतले तर कामावर जाता येणार. नाहीतर नोकरी सुटणार, आणि त्या वर्षी सुटलेली नोकरी परत मिळत नव्हती.

ओवीचा अर्ज मीच तिच्याबरोबर बसून भरला. बसून म्हणजे अंगणातल्या बाकाच्या दोन टोकांना. आई-वडील काम, अभ्यास वगैरेत किती तास घालवतात, त्यावरून मुलाचे सरकारी अनुदानाचे तास ठरतात. पंधरवड्याचा हिशेब असतो आणि त्याला पायऱ्या असतात. खालच्या पायरीवर कमी तास, वरच्या पायरीवर जास्त. मी विचारले, कामाचे तास किती? तिने पगाराच्या कागदावरचे तास सांगितले. मी ते लिहिले, बेरीज दोनदा तपासली. आकडा वरच्या पायरीच्या जरासा अलीकडे थांबला. त्या तासांत ओवीला रोज दुपारी तीनपर्यंतच ठेवता येत होते. संगीताची शिफ्ट अडीचला संपायची. "जमवते," ती म्हणाली.

तिला जमले नाही. पहिल्याच दिवशी ती तीन चाळीसला आली, दुसऱ्या दिवशी तीन अडतीसला. मी लिहीत गेले आणि पुढे तांबड्या पेनने 'उशिरा' असा शेरा मारत गेले. अकरा मुलांमागे एक एज्युकेटर असा मोठ्या मुलांच्या रूमचा नियम होता. तीननंतर त्या रूममध्ये बरोबर अकरा मुले उरत, ओवी बारावी. म्हणजे तिच्या एकटीसाठी दुसऱ्या एज्युकेटरला घरी जायचे थांबावे लागे. आमची डायरेक्टर लिंडा, साठीची, थकलेली बाई. तिने जवळजवळ पाच आठवडे दुर्लक्ष केले. मग एका सकाळी माझे रजिस्टर तिने चाळले. तांबडे शेरे रांगेने दिसत होते. प्रतीक्षायादीत दोन परिचारिकांची मुले होती. ओवीची जागा महिनाअखेरीला काढून घेत आहोत, असे पत्र तयार करायला तिने मला सांगितले.

मी पत्र टाइप केले. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. पुरावा म्हणून जोडलेल्या तेवीस नोंदी माझ्या अक्षरातल्या होत्या. आई मला लहानपणी अंगणवाडीत बाळांची वजने लिहायला बसवायची, तेव्हा म्हणायची, "काट्याकडे पाहावं, मायच्या तोंडाकडे नाही." मी तेच करत आले होते, आणि ते बरोबरच आहे असे मला त्या दुपारपर्यंत वाटत होते.

संगीता तीन एकेचाळीसला धापा टाकत आली. मी पाकीट दिले. तिने तिथेच उभ्याने वाचले. ती भांडेल, निदान काही सबब सांगेल, असे मी धरून चालले होते. तिने कागद घडी घालून खिशात ठेवला. "बरोबर आहे तुमचं. उशीर तर होतोच."

ओवीने बूट घालता घालता मान वर केली. "मम्मा इज नॉट लेट," ती मला म्हणाली. "बस इज लेट."

ही माहिती माझ्याकडे नव्हती. एवढे दिवस मी फक्त येण्याची वेळ लिहीत होते. निघण्याची वेळ आणि मधले अंतर कधी विचारलेच नव्हते.

"ताई, तिकडून निघाल्यावर किती बस लागतात?"

"दोन. पहिली लगेच मिळते, दुसरीला थांबावं लागतं. मग स्टॉपपासून पळत."

"आणि सकाळी?"

"सकाळी पण त्याच दोन, उलट्या दिशेने."

"मग अर्जात हे का नाही सांगितलं? प्रवासाचा वेळही धरतात त्यात."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू विचारत होती की ही शिकलेली असून असे कसे बोलते. "येण्याजाण्याचे तास कामात कोण धरतं, मॅडम? मी काय बसमध्ये फरशी पुसते का?"

मला हसू आले आणि पाठोपाठ लाज वाटली. अनुदानाच्या नियमांचा कागद मी वाचला होता. वाजवी प्रवास धरावा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. मी तो रकाना विचारला नाही, कारण माझ्याही डोक्यात काम म्हणजे मानधनाचे तास होते. आईला अंगणवाडीच्या ठरलेल्या तासांचे मानधन मिळे. त्यानंतरच्या गृहभेटी, तालुक्याच्या बैठकीसाठी एस.टी.ने जाणे-येणे, घरी रात्रीच्या जेवणानंतर भरलेली रजिस्टरे, हे आमच्या घरात कोणी कधी काम म्हटले नाही. तिनेही नाही.

पण खरी अडचण पुढे आली. मी म्हटले, चला, आजच तास दुरुस्त करून पाठवू. नवा निर्णय यायला वेळ लागेल, पण येईल. संगीताने ओवीचा हात उगीच दुसऱ्या हातात घेतला.

"खोटं तर नाही ना होणार ते?"

"नियमात आहे, ताई."

"नियमात असतं हो. पण आपण जास्त मागितलं की बघणाऱ्याला ते फुकटचंच दिसतं. कॉलेजात काय काय ऐकलं, तुम्हाला नाही का माहीत?"

मला माहीत होते. 'सरकारचे जावई' हा शब्द मी अमरावतीच्या वसतिगृहात पहिल्यांदा ऐकला. सुवर्णपदक मिळाले त्या दिवशीही ऐकला. तेव्हापासून मी जे हक्काचे होते तेही मोजून, जरा कमीच घेत आले. सवलतीचा अर्ज शेवटच्या दिवशी द्यायचा, ग्रंथालयातले जादा पुस्तक नको म्हणायचे. समुद्र ओलांडून आलो तरी आम्ही दोघी त्या टोमण्याला उत्तर देत बसलो होतो, आणि इथल्या कोणालाही तो टोमणा ठाऊक नव्हता. लिंडाला आमच्या आडनावांवरून काहीच कळत नव्हते. संगीताने आपल्या मुलीचे तास स्वतःच कापले होते, आणि ते कापताना मी कात्री धरली होती.

"ताई," मी म्हटले, "कमी लिहिणं हेसुद्धा चुकीचंच लिहिणं आहे."

तिने वाकून ओवीच्या बुटाचा बंद घट्ट केला. मग म्हणाली, "तुम्ही समोर बसा. मी भरते."

तिने भरले. फोनच्या पडद्यावर एकेक आकडा टाकून दर वेळी माझ्याकडे पाहिले. मी अंगठा वर करत राहिले.

त्या संध्याकाळी मी तेवीस नोंदींचा आलेख काढला. सरासरी उशीर एकेचाळीस मिनिटे. सगळ्यांत कमी छत्तीस, सगळ्यांत जास्त सत्तेचाळीस. सकाळी लिंडासमोर तो ठेवला आणि मला जे प्रयोगशाळेत म्हणायला शिकवले होते तेच म्हटले: निष्काळजी माणसाचा उशीर विखुरलेला असतो, कधी पाच मिनिटे तर कधी दीड तास. इतका शिस्तीचा उशीर फक्त बसचे वेळापत्रकच करू शकते. अर्ज भरताना चूक झाली, ती माझी.

लिंडाने चष्मा कपाळावर चढवला. "यू मेड अ ग्राफ? फॉर अ बस?"

"दोन बस," मी म्हटले.

ती हसली नाही. तिने खिडकीतून रूमकडे पाहिले, बोटांवर काहीतरी मोजले, आणि निर्णय येईपर्यंत तीननंतरची दुसरी एज्युकेटर म्हणून स्वतः थांबेन असे सांगितले. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पाहता मला धन्यवादही धड म्हणता आले नाहीत. निर्णय यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत लिंडा रोज गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसायची. संगीता रोज दारात म्हणायची, "आज काय, मॅडम?" आणि मी मान हलवायची. परिचारिकांपैकी एकीच्या मुलाला दुसरीकडे जागा मिळाली. दुसरीचे काय झाले ते मला आजही माहीत नाही. न्याय झाला असे मी म्हणू शकत नाही. एका मुलीची जागा राहिली, एवढेच.

पत्र आले तेव्हा ओवी वरच्या पायरीवर गेली होती. सत्र साडेचारपर्यंत. संगीताने फोन माझ्यासमोर धरला, दोनदा वाचायला लावला, आणि म्हणाली, "म्हणजे बसमध्ये बसलेलं पण सरकारला दिसलं म्हणायचं." मग तिला रडू आले. उंबरठा मध्ये होता, म्हणून मी नुसती उभी राहिले.

नोव्हेंबरात प्रयोगशाळा उघडली आणि मी काम सोडले. आज हे लिहिताना माझे इथले दुसरे वर्ष सरत आले आहे, सीमा अजून बंद आहेत, आणि मी थकले आहे. तक्ता मागे पडला. आई बरी आहे. खोकला गेला आहे असे ती सांगते आणि मी ते नोंदवून ठेवते. कुणी विचारते, घरची आठवण येते का. पूर्वी मी अंतर सांगायची, किलोमीटरमध्ये. आता वाटते, तुम्हाला पोहोचायला वेळ लागणार आहे हे जिथे कुणीतरी आधीच धरून ठेवले आहे, आणि पोहोचल्यावर जिथे उशिराचा खुलासा द्यावा लागत नाही, ते घर. तसे माझे इथे अजून झालेले नाही. एक घर होताना मात्र मी पाहिले.

माझ्या शेवटच्या दिवशी संगीता कोपऱ्यावरून येताना दिसली. पळत नव्हती. हातात पिशवी होती, मध्येच थांबून तिने ती दुसऱ्या हातात घेतली. ओवी दप्तर पाठीला लावून माझ्याशेजारी उभी होती, तिला घाई नव्हती. मी रजिस्टर उघडले, शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला आणि लिहिले: ओवी, बाहेर, ३:४३.