मासळी नसताना धावलेला महादू

गेल्या वर्षी आमच्या देवबागात एक बातमी या पडवीवरून त्या पडवीवर फिरत होती: महादू खवणेकराने चोपन्नाव्या वर्षी तारकर्लीत बाई ठेवली आहे. पुरावाही भक्कम. रोज उजाडलं की हा अर्धी चड्डी चढवून तारकर्लीच्या दिशेने पळत सुटायचा आणि घामाने निथळत परतायचा. बायकांनी नळावर त्याच्या बायकोला गाठलंच.

"गो शेवंती, तुझो घोव रोज खंय पळता?"

"डॉक्टरणीन दिलेला औषद घेता."

"असला कसला औषद गो, जा पळान घेवचा लागता?"

पण खरं तेच होतं. बाई तारकर्लीत नव्हती, मालवणात होती, आणि ती डॉक्टर होती.

दोन वर्षांपूर्वी खाडीच्या मुखाशी लाटेने होडी उलटवली. महादू तीन तास उलट्या होडीला धरून राहिला. त्याच्या शेजारी वल्हं मारणारा दाजी हाताला लागला नाही. तेव्हापासून महादू समुद्राकडे पाठ करून बसू लागला. टोप पडला तरी दचकायचा. छाती जरा धडधडली की त्याला वाटायचं, पाणी नाकाशी आलं. वाडीने नारळ ठेवले, गाऱ्हाणी घातली, अंगारे लावले. शेवटी शेवंतीने त्याला मालवणला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, पंधरवड्याला तासभर बोलतं केलं, आणि वर सांगितलं, "महादूकाका, रोज पळायचं. छाती धडधडली म्हणजे आपण बुडतोय असं नाही, हे शरीराला शिकवायचंय. धडधड वाढवायची तुम्ही आणि उतरवायचीही तुम्हीच."

आता, देवबागच्या किनाऱ्यावर कामाशिवाय कोणी पळत नाही. पळतो तो फक्त मासळीचा थवा दिसलेला माणूस. तो पळाला की सगळी वाडी रापण ओढायला, म्हणजे ते भलंमोठं जाळं किनाऱ्यावरून खेचायला, धावते. पहिल्या दिवशी महादू जेमतेम शंभर पावलं पळाला असेल, तर मागे तीस माणसं, आणि होडी अर्धी पाण्यात.

"खंय आसा रे मासो?" रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, भाई ओरडला.

"मासो नाय," महादूला धाप लागलेली. "मी व्यायाम करतंय."

"व्यायाम? मेल्या, तीस माणसां चाय टाकून इली! उद्यापासून डोक्याक लाल टावेल बांध. आमका कळांदे, मासो नाय, महादू पळता."

त्याने बांधला. लोक हसले, हा पळत राहिला. शंभराची पाचशे पावलं झाली. गणपतीपर्यंत तारकर्ली गाठली. दुपारी अंगणात होडीच्या नांगराचे दगड उचलू लागला. झोप परत आली, पण काही दिवस पुन्हा जायची. असा दिवस उगवला की तो जास्तच पळायचा. शिमग्यापर्यंत तो वरच्या कोरड्या वाळूवरून लाटांच्या ओल्या कडेला आला होता. होडीत मात्र पाय टाकला नव्हता. त्याची वल्ह्याची जागा भाईने कोणाला दिली नव्हती. त्या त्या दिवशी जो हाती लागेल त्याला तिथे बसवायचा.

यंदा कार्तिकात एका सकाळी खरंच तारलीचा थवा आला. जाळं होडीत चढलं, वल्हेकरी मात्र एक कमी. भाईने सगळीकडे पाहिलं, महादूकडे तेवढं पाहिलं नाही. त्याला विचारायचं कसं?

महादू गुडघाभर पाण्यात शिरला. छाती अशी उडत होती की शर्ट हलताना दिसत होता. तो थांबला. पळून आल्यावर सोडायचा तसा श्वास सोडला, मग पुन्हा एकदा. मग होडीच्या काठाला हात लावून आत चढला आणि आपल्या जागेवर बसला. वाडीने किनाऱ्यावरचा दोर धरला. एरवी नळावर दहा जणींना ऐकवणारी शेवंतीही रापणीचा दोर घट्ट धरून खाली वाळूकडे बघत होती.

होडीने मोठा फेर घेतला, जाळं सोडलं आणि ती परत आली. सगळ्यांनी मिळून दोर ओढले. तारली किनाऱ्यावर चांदीसारखी उडू लागली. आमच्या वाडीची छाती त्या दिवशी फुगली ती मासळीमुळे नव्हे, हे कोणीही सांगेल.

कौतुक सरळ तोंडाने करणं भाईच्या स्वभावात नाही. तो महादूजवळ येऊन म्हणाला, "काय रे, तुझे हात अजून थरथरतत."

महादू म्हणाला, "थरथरांदेत. वल्हां खंय थांबला?"