वार पुरी हाय का बघा

पेडगावात कुठंही बाळंतपण झालं की तानुबाई सुईण बाळामागून पडलेली वार सुपात पसरायची आणि घरातल्या सासूला हाक मारायची, "वार पुरी हाय का बघा. कुठं तुटल्याली न्हाई ना?" सासूनं हो म्हटल्याशिवाय ती हलायची नाही. मग हळद-कुंकू वाहून वार मडक्यात घालायची, न्हाणीजवळ हातभर खोल पुरायची आणि वर दगड ठेवायची. लोक म्हणायचे, बाई लय चोख. कसली चोख! भ्यालेली होती ती.

शहाण्यांनी खुशाल हसावं, पण आमच्याकडे पक्की समजूत होती. वांझ बाईनं दुसरीच्या वारेचा तुकडा खाल्ला की तिची कूस उजवते, पण ज्याची वार, ते पोर जगत नाही. म्हणून वार राखायची सुईणीनं. आणि एकदा कुंपणानंच शेत खाल्लं.

तानुबाईची एकुलती लेक दगडाबाई पोखर्णीला दिलेली. आठ वर्षं झाली, पदरात मूल नाही. जावयानं निरोप धाडला, नरसिंहाच्या जत्रेपर्यंत दिवस गेले नाहीत तर दुसरी करतो. त्याच आठवड्यात माझी आई, पार्वतीबाई, पहिल्यांदा बाळंत झाली. मुलगा झाला. तानुबाईनं नेहमीच्या विळ्यानं नाळ कापली, सगळे पोराकडं बघत असताना वारेचा अंगठ्याएवढा तुकडा कनवटीला लावला आणि दुसऱ्या दिवशी पोखर्णीला जाऊन गुळात घालून लेकीला चारला. काय आहे ते सांगितलंही नाही.

आठव्या दिवशी माझ्या भावाचं तोंड आवळलं. थान धरेना, अंग ताठलं. दिवस मावळायच्या आत गेला.

दगडाबाईला दिवस गेले नाहीत ते नाहीतच. जत्रा झाली, सवत आली. तेव्हापासून तानुबाईच्या हातात ते सूप आलं. आमच्या न्हाणीजवळच्या दगडाकडं तिला बघवायचं नाही. दोन वर्षांनी मी जन्मले, तेव्हा माझी वार तिनं तीनदा दाखवली म्हणे.

रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या आदल्या साली परभणीहून देवी टोचायला एक नर्सबाई आली. आमच्याच ओसरीवर बसली. खांबाला टेकून बसलेल्या तानुबाईनं एकाएकी विचारलं, "बाई, दुसरीची वार खाल्ली तर काय व्हतं?"

"काही नाही. ना खाणारीला त्यानं मूल होतं, ना कोणाचं मरतं."

"मंग आठव्या दिशी तोंड आवळून पोर कशानं जातं?"

"नाळ कशानं कापता?"

तानुबाईनं कमरेचा विळा काढला. वैरण त्यानंच, नाळ त्यानंच.

"उकळून घेता?"

"इळा कोन उकळतं, बाई?"

"मग ह्यानंच जातं. धनुर्वात होतो."

आईला तेव्हा सगळं उमगलं. ती उठून तानुबाईपुढं येऊन बसली. मला वाटलं, आता भांडेल. पण ती म्हणाली, "तानुमावशी, तुमच्या लेकीनं माह्या लेकराला खाल्लं न्हाई. ऐकलंत न्हवं? आता सोडा ते."

तानुबाईनं ऐकलंच नाही. ती बोटांच्या पेरांवर काही तरी मोजत होती.

"कडूबाईचा," ती पुटपुटली. "मुंजाजीच्या सुनंचे दोन. आश्रुबाची नात..." एका हाताची पेरं संपली, तिनं दुसरा हात घेतला. "इतकी वर्सं एकच लेकरू माह्या उरावर व्हतं, पार्वतीबाई."