फाल्गुनात भरणारा बाक

मनाच्या डॉक्टरांकडे नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून बाकावर येऊन बसतात! सत्तरच्या दशकात आणि पुढेही काही वर्षं मी नाशिकच्या अशाच एका दवाखान्यात केसपेपर लिहायचे.

एकदा मी सहज म्हणाले, "डॉक्टर, फाल्गुन लागला की आपला बाक भरतो."

डॉक्टर पुण्याचे. "पुराव्याशिवाय बोलू नका!" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच दोनशे पानी वही घेऊन आले. काही पेशंटचं मन कधी इतकं चढायचं की झोपच उडायची, माणूस जगाचा राजा व्हायचा. कधी इतकं उतरायचं की अंथरूण सुटायचं नाही. कोणाचं, कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, हे सगळं वहीत जाऊ लागलं.

*

पण तारखा कोणाला आठवतात? "कधी सुरू झालं?" विचारलं की निफाडकडचे लोक सांगायचे, "कांदा काढताना." डॉक्टर बिनधास्त 'मार्च' लिहायचे. असं वर्षभर चाललं.

शेवटी एका म्हातारीनं त्यांना अडवलं. "मार्च कसा? कोणता कांदा ते तरी इचारा! लाल, रांगडा का उन्हाळ?"

लाल निघतो दिवाळीच्या आगेमागे, रांगडा संक्रांतीनंतर, उन्हाळ होळीनंतर! डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पुढे महिनाभर जुना पेशंट आला की मी आधी कांदा विचारायचे. बाकावरच्या एकानं मला हळूच भावही विचारला.

*

इगतपुरीच्या एका रेल्वे फिटरचं उलटं होतं. येवल्याकडचे उन्हात चढायचे, हा आषाढात खचायचा. दोन्ही गावं आमच्याच जिल्ह्यातली! डॉक्टरांना भारी नवल. त्यांनी सल्ला दिला, "रोज सकाळी तासभर ऊन घ्या."

त्याची बायको शांतपणे म्हणाली, "चिठ्ठी लिहून द्या डॉक्टर. इगतपुरीत दिवाळीपर्यंत मिळत नाही, नाशकात कोणत्या दुकानात मिळतं ते सांगा!"

*

येवल्याचे एकनाथ पैठणी विणायचे. त्यांची बायको कमलताई आजाराची चाहूल मागावरच्या पदरावरून ओळखायची.

"चौदा मोर ठरले व्हते, यांनी सतरा काढले," ती म्हणाली. "आधी मोर वाढत्यात, मग झोप जाती, मग माणूस जातो."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. कोणत्या महिन्यात? दरवर्षी? रंगही बदलतात? त्यांची वही भराभर भरत होती. कमलताई मात्र पुढचं सांगत राहिली. गेल्या चैत्रात एकनाथांनी गोळ्या बंद केल्या आणि भर दुपारी अनवाणी मनमाडच्या रस्त्याला लागले. ऊन लागून पडले, लोकांनी उचलून आणलं.

"पुन्हा असं झालं तर मी पोरं घेऊन माहेरी जाईन. माझ्यानं नाय बघवत."

मला फार वाईट वाटलं. डॉक्टरांनी वही मिटली आणि ते तिच्याशेजारी बसलेल्या एकनाथांकडे वळले. "एकनाथराव, मन खूप खुलायला लागलं की तसेच निघून इकडे या."

एकनाथ चिडले. "दुखलं तर मानूस डाक्टरकडं जातो. चांगलं वाटाया लागलं तरी जायचं? वर्षातनं तेवढाच महिना मला हात देवाचे वाटत्यात!"



*

पुढच्या फाल्गुनात बाक गच्च भरलेला. सकाळच्या एसटीनं एकनाथ एकटेच आले. अंगात धुतलेला सदरा, डोळे लखलखीत. मी केसपेपर काढून विचारलं, "काय होतंय?"

"काय बी नाय ताई. चार दिस झाले, लय भारी वाटतंय. झोपावंसं वाटत नाय. सगळे रंग एकदम खरे दिसत्यात."

बाकावरचा एक जण हसला. "मग दवाखान्यात कशाला आलात राव?"

"म्हणून तर आलो!" एकनाथ म्हणाले, आणि सगळ्यांसमोर रडायला लागले.