दक्षिणेच्या तेजोमेघासाठी माळ शोधताना

मी सर्वांत जास्त कोणाचं देणं लागत असेन, तर बारामतीच्या शाळेतल्या माझ्या विज्ञानाच्या सरांचं. आमच्या घरात त्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. मला बी. एस्सी.पर्यंत नेलं ते सरांनी.

मी इंदापूरच्या शाळेत मास्तर झालो तोवर सरांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने धूसर झाले होते. नौका तारकासमूहातला तेजोमेघ त्यांनी कधीकाळी शाळेच्या गच्चीवरून मला दाखवला होता. त्रिशंकूच्या उजवीकडे, क्षितिजालगत, खडूचं बोट पुसल्यासारखा. आता आकाशातलं त्यांना काही दिसत नसे, पण भिंगाखाली धरलेला कागद दिसे. "त्याचा फोटो मिळाला तर तो बघून घेईन म्हणतो. पुढचं काय सांगावं," असं म्हणून त्यांनी आपला कॅमेरा, छोटी दुर्बीण, तिचा स्टँड आणि फोटो उमटवायची उरलेली एकमेव काचेची प्लेट माझ्या हवाली केली. तसल्या प्लेटा तेव्हा पुण्यातही मिळेनाशा झाल्या होत्या.

आमच्याकडून हा तेजोमेघ फार वर चढत नाही. म्हणून दक्षिण मोकळी हवी आणि काळोखीही हवी. शाळा सुटली की मी सायकल काढायचो. बारामतीच्या बाजूला कालव्याचं पाणी, त्यामुळे रात्री शिवारावर दमट पांढुरकी झाक यायची आणि दुर्बिणीचं भिंग ओलं व्हायचं. कळंबला कारखान्याचा उजेड. बावड्याला नदीवर धुकं, आणि धुकं नसेल तेव्हा गुऱ्हाळांचा धूर. घरी परतताना पाय जड व्हायचे. सकाळी वर्गात फळ्याकडे तोंड करून मी जांभई लपवायचो. मुलांना ते कळत असणारच.

शेवटी निमगाव केतकीच्या पुढे एक कोरडा माळ सापडला. पाणी नाही, म्हणून ऊस नाही, धूरही नाही. कारखान्याचा उजेड नैर्ऋत्येला राहायचा. तेजोमेघ पुरता वर येण्याआधी, आग्नेयेकडे असतानाच फोटो घेतला तर हा उजेड आड येत नव्हता. माळाचे मालक तात्या म्हणाले, "खुशाल या. पण आवसंला कशापायी, मास्तर? आमची माणसं आवसंला औत धरत न्हाईत."

"चांदणं नको म्हणून, तात्या."

"चांदणं नको, आन् फोटू पायजे!" तात्या हसले.

पाडव्याच्या आदल्या रात्री मी कॅमेऱ्यात प्लेट घालून झाकण काढलं. एक डोळा दुर्बिणीला लावून, आकाशाबरोबर कॅमेराही सरकावा म्हणून स्टँडची किल्ली हळूहळू फिरवत ताऱ्याच्या मागे जात होतो. मान अवघडली होती. तेवढ्यात मागून फुसफुस आवाज आला आणि सगळा माळ पांढराफटक झाला. तात्या लग्नातली गॅसबत्ती घेऊन आले होते.

"तात्या, बत्ती नको!"

"आवं, लाजता काय? घरचीच हाय. अंधारात कुठं फोटू निघतोय व्हय? कुणाचा काढायचाय, त्येच्यावर धरतो." आणि माझं ऐकून घेण्याआधीच ते बत्ती उंच धरून थेट कॅमेऱ्यापुढे जाऊन उभे राहिले.

मी कॅमेऱ्यावर झाकण घातलं, पण उपयोग नव्हता; प्लेटवर उजेड पडून गेला होता. मग त्यांना सगळं सांगितलं. सरांच्या डोळ्यांचंही सांगितलं. तात्यांनी बत्ती विझवली आणि ते दगडावर बसले. म्हणाले, "तुमाला तरी दिसतंय न्हवं? मग तुमीच काढा की."

डोळे अंधाराला पुन्हा सरावले, तसा मी दुर्बिणीतून बघत, गुडघ्यावर वही ठेवून चाचपडत पेन्सिलीने काढू लागलो. तेजोमेघ नैर्ऋत्येला कारखान्याच्या उजेडात उतरेपर्यंत काढत राहिलो. पाडव्याच्या दिवशी घरची गुढी उभारून झाल्यावर ते चित्र मोठ्या कागदावर शाईने उतरवलं, आणि सोबत सरांना हे लिहिलं:

"सर, प्लेट वाया गेली. ज्यांच्या हातून गेली, त्यांनी मला उजेड द्यायला म्हणून बत्ती आणली होती. त्यांच्यावर रागावू नका. दुसरी प्लेट मिळेल असं वाटत नाही. जागा मात्र चांगली आहे. सोबत चित्र पाठवतो. आकाश पांढरं ठेवून तेजोमेघ काळा काढला आहे, म्हणजे भिंगाखाली नीट दिसेल. मधली काळी भेग तुम्ही सांगितली होती तशीच आहे. चित्रात ती पांढरी आली आहे. डावीकडचा भाग कोरा आहे. तिथे काही असेलही, पण मला दिसलं नाही, म्हणून काढलं नाही. तुम्ही शिकवलंत तसंच केलं आहे. मी दमलो आहे, पण ठीक आहे. चित्र दिसलं का, तेवढं कळवा."