शेंड्यांची मावशी

डिंभेवाली मावशी कुणालाही भेटली की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "जरा वळ बरं." समोर नवी सून असो, शाळेतल्या बाई असोत, नाहीतर डोस पाजायला आलेली नर्स असो, मावशीकडे पाठ करून उभं राहावंच लागायचं. मग ती वेणीचं टोक दोन बोटांत धरून उन्हाकडे करायची, एक डोळा बारीक करायची आणि निकाल सांगायची. "बरं हाय," किंवा "पंधरा दिसांनी बघू." घरी कसं काय, पोरंबाळं बरी आहेत का, ही चौकशी त्यानंतर. आई म्हणायची, हिला माणसं पाठीकडूनच ओळखू येतात.

आमची द्राक्षबाग ओझरच्या रस्त्याला. ऑक्टोबरातली छाटणी उरकली की दीडेक महिन्याने विरळणी यायची. म्हणजे घडात दाटी झालेले मणी बारीक टोकाच्या कात्रीने एकेक काढून टाकायचे, राहतील त्यांना फुगायला जागा होते. या कामाला मावशी डिंभ्याकडच्या दहा-बारा बायका घेऊन यायची. तिकडच्या एसटीचा काही भरवसा नाही, म्हणून महिनाभर सगळ्यांचा मुक्काम आमच्या पडवीत. मावशी त्या टोळीची मुकादम. तिचं खरं नाव मला पुढे कितीतरी वर्षांनी एका दवाखान्याच्या कागदावर कळलं, आणि ते तिला अजिबात शोभत नव्हतं.

इतर मुकादम बाईचं काम बघायचं तर घड बघतात. मावशी जमीन बघायची. वेलीखाली उकिडवी बसून कापून पडलेले मणी हाताने पसरायची. "आधी खाली बघ. वर काय, समदंच चांगलं दिसतं." आणि त्या हिरव्या ढिगातून तिला नेमका एक मणी सापडायचाच. "ह्यो बघ. ह्यो चांगला व्हता." मग त्या बाईने तो मणी पदराच्या टोकाला बांधायचा आणि संध्याकाळपर्यंत सोडायचा नाही, हा तिचा नेम. बोलणी नाहीत, आरडाओरडा नाही. पदराला गाठ, बस्स. आमच्या बागेत तिच्या हाताखाली गाठ न पडता एकही बाई सुटल्याचं मला आठवत नाही. संध्याकाळी चुलीपाशी गाठी सुटायच्या तेव्हा मावशीच्याही पदरातून एखादा मणी निघायचा. तो ती तोंडात टाकायची आणि आंबट तोंड करायची.

दुपारी भाकरी खाऊन झाली की मांडवाखाली दुसरं दुकान लागायचं. वस्तीवरच्या बायका-पोरी केस मोकळे सोडून रांगेने बसायच्या आणि मावशी त्याच विरळणीच्या कात्रीने शेंडे बघायची. तेव्हा पार्लर नारायणगावला होतं म्हणे, पण तिकडे आमच्यातलं कोण जाणार! घरोघरी आया भाजीच्या विळीशेजारची बोथट कात्री घेऊन सरसकट कापून टाकत. मावशीला ते बघवायचं नाही. ज्या केसाला फाटा फुटलाय तेवढाच ती वेचून काढायची. सगळे शेंडे कधी कापायचे याच्या तिच्या खुणा होत्या. फणी फक्त खालच्या चार बोटांत अडायला लागली, वेणीचं टोक उंदराच्या शेपटीसारखं झालं, रिबीन घट्ट बांधूनही सरकायला लागली, की समजायचं. तरी त्या दिवशी कापायचं नाहीच. "आज बघायचं, पंधरा दिसांनी कापायचं. कात्री हातात आसली का मानूस घाई करतंय."

तिचे स्वतःचे केस मात्र आम्ही कुणी पाहिले नव्हते. डोक्यावर पदर, पदराआड घट्ट अंबाडा. विचारलं की म्हणायची, "माझं काय बघतीस, भवाने, तुझं बघ."

आता माझं सांगते. सहावीत मला टायफॉईड झाला आणि केस असे गळायला लागले की उशीवर सकाळी पुंजके. शेवटी आईने डोळ्यांत पाणी आणून गोटा करवला. वर्गात माझं नाव टकली पडलं. केस परत आले, दोन वेण्या झाल्या, तरी नाव काही जाईना. मी मनाशी ठरवलं की ताईच्या लग्नात करवली म्हणून उभी राहीन तेव्हा कमरेखाली एकच वेणी असेल आणि सगळा वर्ग जेवायला येऊन बघेल. दहावीत असताना ताईचं ठरलं. लग्न वैशाखात. मार्गशीर्षात माझी वेणी कमरेला टेकायला टीचभर कमी. माझा जीव त्या टीचेत अडकला होता.

द्राक्षवाल्यांच्या घरात वाढलेल्या मुलीला मग जे सुचायचं तेच सुचलं. मणी लांब व्हावेत म्हणून घड एका औषधात बुडवतात. आमच्याकडे सगळे त्याला जीए म्हणतात. वडील, म्हणजे आप्पा, त्याची भुकटी आधी उग्र वासाच्या ॲसिटोनमध्ये विरघळवायचे आणि मग ते थेंब थेंब ड्रमभर पाण्यात. आठ दिवसांत मणी बोटाच्या पेरासारखा लांब! मी म्हटलं, मण्याला चालतं तर केसाला का नाही? आणि ड्रममधलं पातळ कशाला, बाटलीतलंच घेऊ की. तीन दिवस मी वेणीचं टोक त्या बाटलीतल्या औषधात बुडवून, डोळे मिटून, ओझरच्या गणपतीचं नाव घेत बसले. अक्कल म्हणजे काय, तिथे पार दिवाळंच होतं!

चौथ्या दिवशी मावशीने मला अंगणात गाठलं. "जरा वळ बरं." टोक हातात घेतलं आणि हुंगलं.

"काय लावलंस?"

"खोबरेल."

"खोबऱ्याला ह्यो वास?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. मावशी हसत सुटली ती खाली बसेपर्यंत. "आगं येडे, मग पायाला का न्हाई लावलंस? उंच तरी झाली आसतीस!" पण आप्पांना तिने शब्दाने सांगितलं नाही. त्या दिवसापासून आपली भाकरी चार घासांत संपवून ती माझ्या मागे बसायची आणि गवतासारखे कडक झालेले शेंडे वेचायची. तिच्या कात्रीचा तो किट् किट् आवाज आणि मानेवरचं ऊन, मला तर झोपच यायची.

पंधरा दिवसांनी तिने फणी फिरवली, थांबली, परत फिरवली. "आता येचून भागायचं न्हाई, पोरी. चार बोटं काढाय लागतील."

"लग्न झाल्यावर काढ."

"फाटा खालीच ऱ्हात न्हाई गं. वर चढतुया. आज चार बोटं जातील. फाल्गुनावर टाकलंस तर ईतभर जाईल."

चार बोटं म्हणजे माझी चार वर्षं होती. मला टकली म्हणणारी सगळी तोंडं डोळ्यांपुढे आली आणि मी काय बोलू नये ते बोलले. "तुला काय कळतं! स्वतःचे तर कधी कुणाला दाखवत नाहीस. असतील चार केस, म्हणून दुसऱ्याचे कापत सुटलीस."

मावशीने कात्री पुसली, कमरेच्या पिशवीत ठेवली. "क्यास तुझं हाय. तू म्हनशील तवा." एवढंच. तीन दिवसांनी विरळणी संपली आणि टोळी गेली. जाताना तिने आईला येते म्हटलं, ताईला येते म्हटलं, माझ्याही डोक्यावरून हात फिरवला. वळ मात्र म्हणाली नाही. ते मला लागलं. आजही लागतं.

तिचं खरं झालं. महाशिवरात्र उलटली आणि फणी चार बोटांत अडायची ती वीतभर वर अडायला लागली. टोकाचे केस तुटून उशीवर यायला लागले. मला परत सहावीतली उशी दिसली. आईला म्हटलं, मला डिंभ्याला ने. नारायणगाव, मंचर, घोडेगाव, आणि पुढे अडीच तास न येणारी एसटी. पोचलो तेव्हा मावशीचा नवरा धरणाच्या काठाला जाळं नीट करत होता आणि मावशी सुपात वाळत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकलत होती.

मी वाटभर माफीची वाक्यं पाठ करत आले होते. तिने एकही म्हणू दिलं नाही. हात धुऊन आली आणि म्हणाली, "जरा वळ बरं." मला इतकं रडू फुटलं की आईही घाबरली. मावशीने वीतभर शेंडे कापले. त्या दिवशीच कापले. "पंधरा दिस कवाच झाल्यात," म्हणाली. मग कापलेले केस मांडीवर पसरून एकेक बघत बसली. बराच वेळ बघितल्यावर एक केस उचलला. "ह्यो चांगला व्हता. माझी चूक." आणि तो आपल्या पदराच्या टोकाला बांधला.

ताईच्या लग्नात माझी वेणी पाठीच्या मध्यावर संपत होती. पण वर जेवढी जाड तेवढीच खाली, टोकाला रिबीन नाही बांधली तरी सुटू नये अशी. अल्बममध्ये माझा एक फोटो आहे, तो मी फोटोग्राफरला सांगून मुद्दाम पाठीकडून काढून घेतलाय. वर्गातल्या मुली जेवून गेल्या. कुणी टकली म्हणालं का, ते मला आठवत नाही, म्हणजे नसावंच म्हणालं.

पुढे माझं लग्न झालं, मंचरच्या शाळेत नोकरी लागली, मुलगी झाली. बागेला टोळ्या येत राहिल्या. एका वर्षी टोळी आली, मावशी आली नाही. बायका म्हणाल्या, मावशीनेच काम सोडलं. मी एका रविवारी मुलीला घेऊन डिंभ्याला गेले. ती ओट्यावर बसली होती. आवाजावरून तिने मला ओळखलं.

"लांबनं घड दिसतुया, पर मनी दिसत न्हाई," ती म्हणाली. "मग चांगला गेला तर मी पदराला काय बांधू?" पुढच्या आठवड्यात मोतीबिंदू काढणार होते. त्याच्या कागदावर तिचं ते न शोभणारं नाव. चहा झाला. मग ती एकदम म्हणाली, "सून म्हनती, खांद्यापतुर कापून टाका, आता धुवायला कोन बसतंय. तू बघ आन् सांग."

तिने डोक्यावरचा पदर काढला, अंबाडा सोडला, आणि माझ्याकडे पाठ केली.

पांढरेशुभ्र केस ओट्यावर येऊन टेकले. बसलेल्या बाईचे केस ओट्याला टेकून वर दोन वेटोळी पडतील एवढे! माझी मुलगी "आई गं" म्हणाली. पंधरा वर्षांपूर्वी मी काय बोलले होते ते तिला आठवत असेल का, हे विचारायचीही लाज वाटली.

"दाखवले का नाहीस कधी?"

"आगं, दुसऱ्यांची कापायची आन् आपली मिरवायची, बरं दिसतंय का?" ती म्हणाली. "सांग बिगीबिगी. तू म्हनशील तसं."

शेंडे हातात घेतले. पांढऱ्या केसाला फुटलेला फाटा डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. खालची चार बोटं खराब होती. वरचं सगळं धड. सून आतून बघत होती. मी म्हटलं, "खांद्यापर्यंत नाही. चार बोटं. पण आज नाही, पंधरा दिवसांनी." मावशी पाठमोरीच हसली. मला तिचे हलणारे खांदे दिसले.

पंधरा दिवसांनी गेले तेव्हा डोळा झाला होता. काळा चष्मा लावून ती उन्हात बसली होती. तिचीच कात्री तिने मला दिली. मी फणी दोनदा फिरवून पाहिली. चार बोटं मोजून कापली. सुनेलाही फणी कशी फिरवायची ते दाखवलं. वाटलं, झालं, आता म्हणेल काहीतरी चांगलं.

मावशीने चष्मा काढला. हिरव्या लुगड्यावर ते पांढरे केस पसरले आणि मान खाली घालून एकेक बघायला लागली. नव्या डोळ्याने बघत होती, घाई कसली! शेवटी तिने एक केस चिमटीत उचलून माझ्यापुढे धरला.

"ह्यो बघ. ह्यो चांगला व्हता."

मला कुणी इनाम दिलं असतं तरी एवढा आनंद झाला नसता. मी साडीच्या पदराचं टोक पुढे केलं. तिने स्वतः गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली. एसटी दोन तास उशिरा आली. उभ्याने प्रवास, मुलगी कडेवर झोपलेली, तरी एक हात मी पदराच्या टोकावरून काढला नाही. संध्याकाळ होईपर्यंत गाठ सोडायची नव्हती.